पत्त्याची मालकी कोणाची?

ब्रिटनचे रॉयल मेल २०२५ साली डॅनियल क्रेटिन्स्की या झेक अब्जाधीशाच्या ईपी ग्रुपच्या ताब्यात गेले. सुमारे ३६० कोटी पौंडांच्या या व्यवहाराची चर्चा टपाल कामगारांच्या नोकऱ्या आणि आठवड्यातून किती दिवस बटवडा होणार या प्रश्नांभोवती फिरली. ते स्वाभाविकच होते. परंतु लाल पेट्या व लाल मोटारी यांच्याबरोबर आणखी एक वस्तू या धनिकाच्या हाती आली आहे. ती म्हणजे 'पोस्टकोड ॲड्रेस फाइल' या नावाची यादी. ब्रिटनमधील तीन कोटींहून अधिक पत्ते आणि त्यांचे पोस्टकोड तीत नोंदलेले आहेत. देशातील प्रत्येक माणूस कोठे राहतो हे ज्या सूचीवरून कळते ती सूची एका परदेशी भांडवलदाराच्या मालमत्तेत मोडते, ही गोष्ट ब्रिटनमध्ये फारशी कोणाला खटकलेली दिसत नाही.

हा पोस्टकोड निर्माण कसा झाला ते पाहिले पाहिजे. १९५९ साली नॉर्विच शहरात त्याचा पहिला प्रयोग झाला. त्या वेळी अर्नेस्ट मार्पल्स हे हुजूर पक्षाचे पोस्टमास्तर जनरल होते. (पुढे वाहतूकमंत्री झाल्यावर त्यांच्याच कारकीर्दीत, १९६३ मध्ये, रेल्वेमार्गांवर कुऱ्हाड चालविणारा बीचिंग अहवाल आला, तो वेगळा इतिहास.) १९६४ ते १९६६ या काळात मजूर पक्षाचे टोनी बेन त्या पदावर होते. टपालाची यांत्रिक वर्गवारी व्हावी यासाठी ही सांकेतिक योजना हळूहळू देशभर पसरली आणि १९७४ मध्ये पूर्ण झाली. हा सर्व काळ टपाल ही सार्वजनिक सेवा होती. आधी सरकारचे खाते म्हणून, १९६९ नंतर सार्वजनिक महामंडळ म्हणून. खर्च करदात्यांचा व टपालग्राहकांचा होता, आणि श्रम सॉर्टरांचे व पोस्टमनांचे होते. आजही नवा रस्ता झाला की त्याला नाव व घरांना क्रमांक देण्याचे काम स्थानिक नगरपालिका करते आणि कोणते घर पडले, कोणत्या घराचे दोन झाले, हे दाराशी जाणारा पोस्टमन कळवितो.

आपल्या पिनकोडवरून ब्रिटिश पोस्टकोडची कल्पना येणार नाही. आपला पिनकोड एका बटवडा कार्यालयाचा सारा मुलूख व्यापतो. तेथे मात्र एका पोस्टकोडात सरासरी पंधराच घरे येतात, आणि असे सुमारे १७-१८ लाख पोस्टकोड आहेत. पंतप्रधानांचे १०, डाउनिंग स्ट्रीट हे घर 'एसडब्ल्यू१ए २एए' एवढ्या अक्षरांत सापडते. त्यामुळे पत्रापुरता निघालेला हा संकेत लौकरच साऱ्या व्यवहाराची किल्ली बनला. विम्याचा हप्ता पोस्टकोड पाहून ठरतो. शाळा, दवाखाना, मतदारसंघ पोस्टकोडवरून शोधले जातात. मोटार हाकणारा तर रस्त्याचे नाव विचारीतच नाही. पोस्टकोड विचारतो आणि तो यंत्रात घालून निघतो.

येथेच लोकांनी मिळून तयार केलेल्या नकाशांची अडचण सुरू होते. २००४ साली लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट या विद्यार्थ्याने 'ओपनस्ट्रीटमॅप'चा आरंभ केला. ब्रिटनचे सरकारी नकाशे बनविणारी ऑर्डनन्स सर्व्हे ही संस्था १७९१ पासूनची. पण तिचे नकाशे वापरायचे तर पैसे मोजावे लागत. म्हणून स्वयंसेवकांनी खांद्याला जीपीएस यंत्र अडकवून, पायी व सायकलवर हिंडून, रस्ते स्वतः मोजले. जो काढील त्याने सर्वांना द्यावा, आणि त्यात भर घालील त्याने ती भरही सर्वांना द्यावी, या अटीवर हा नकाशा जगभर वाढला. 'ऑसमँड', 'ऑर्गॅनिक मॅप्स' यांसारखी दिशादर्शक ॲप त्याच नकाशावर चालतात. ती आपला माग काढीत नाहीत, जाहिराती दाखवीत नाहीत, आणि नकाशा एकदा फोनमध्ये उतरवून घेतला की इंटरनेटवाचूनही वाट दाखवितात.

मात्र अशा ॲपमध्ये पोस्टकोड घातला की कधी तो सापडतो, कधी 'काही मिळाले नाही' असे उत्तर येते, तर कधी शेजारच्या गल्लीत नेऊन सोडले जाते. कारण साधे आहे. फोनमध्ये उतरविलेल्या नकाशात जे असेल तेच तेथे शोधता येते. रस्ता डोळ्यांना दिसतो, म्हणून स्वयंसेवक तो काढू शकतो. पोस्टकोड जमिनीवर कोठेही रेखलेला नसतो. कोणी एखाद्या घराच्या नोंदीत तो लिहिला असेल तर ते घर सापडेल, शेजारचे सापडणार नाही. ज्याची रोजीरोटी दिवसाला शंभर पार्सले पोचविण्यावर आहे तो चालक असे दोनदा-तीनदा झाले की ते ॲप काढून टाकतो आणि गूगलकडे जातो. सहकाराने उभा केलेला सुंदर नकाशा एका कोष्टकाच्या अभावी पंगू होतो आणि बाजारपेठ आपसूक मक्तेदाराच्या पदरी पडते. गूगलला ते कोष्टक विकत घेणे जड नाही.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न झाले. 'फ्री द पोस्टकोड' या उपक्रमात स्वयंसेवक आपल्या दारात उभे राहून यंत्राने स्थान टिपीत आणि आपला पोस्टकोड कळवीत. आणखी काहींनी स्वामित्वहक्काची मुदत संपलेले जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे लोकांपुढे ठेवून त्यांवर पोस्टकोड मांडून घेतले. १७ लाख संकेत असे एकेक करून गोळा करणे म्हणजे समुद्र ओंजळीने उपसणे होते. परंतु सार्वजनिक मालकीच्या कल्पनेवर ज्यांची निष्ठा आहे अशा आपण सर्वांनी ध्यानात ठेवावी अशी घटना २००९ सालची आहे. मार्पल्स यांचेच नाव घेतलेल्या एका संकेतस्थळाने पोस्टकोडवरून स्थान सांगण्याची विनामूल्य सोय केली होती. बेकारांना जवळपासच्या नोकऱ्या दाखविणारी, परिसरातील बांधकाम-परवान्यांचे अर्ज नागरिकांना कळविणारी, निवडणुकीतील पत्रके जमविणारी अशी लोकोपयोगी स्थळे तिच्या आधाराने चालत. ऑक्टोबर २००९ मध्ये रॉयल मेलने कायदेशीर कारवाईची धमकी दिली आणि ती सोय बंद पडली.

त्या वेळी रॉयल मेल खासगी नव्हते, आणि सत्तेवर मजूर पक्ष होता. २००१ मध्ये त्या पक्षाच्याच सरकारने महामंडळाची सरकारी मालकीची कंपनी केली होती. 'कन्साइनिया' असे एक चमत्कारिक नावही तिला दिले गेले. लोकांनी इतके हसे केले की पुढच्याच वर्षी ते मागे घेण्याचे ठरले. भाग सरकारचे आणि वृत्ती व्यापाऱ्याची, असा हा प्रकार. राष्ट्रीयीकृत संस्थेने नागरिकाला गिऱ्हाईक मानायला सुरुवात केली की तिच्या खासगीकरणाचे निम्मे काम झालेलेच असते. आपल्याकडील सार्वजनिक उद्योगांच्या कहाण्या ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

टपालसेवेचे दुसरे रूपही त्याच देशाने पाहिले आहे. १९७६ ते १९७८ या काळात लंडनच्या ग्रुनविक कारखान्यात जयाबेन देसाई यांच्या नेतृत्वाखाली स्थलांतरित कामगार स्त्रियांनी संप केला. फोटोच्या फिती धुऊन देण्याचा तो सारा धंदा टपालावर अवलंबून होता. क्रिकलवुड कार्यालयातील टपाल कामगारांनी ग्रुनविकची पत्रे हाताळण्यास नकार दिला आणि कोर्टाचा बडगा ओढवून घेतला. ज्यांच्या श्रमांवर पोस्टकोडची सारी रचना उभी राहिली ते कामगार हे होते. पत्त्यांची यादी पुढे विक्रीस काढताना त्यांच्या वारसदारांना कोणी विचारले नाही.

वृत्तपत्रांतील मोहिमांमुळे व टिम बर्नर्स-ली यांच्यासारख्यांच्या आग्रहामुळे १ एप्रिल २०१० रोजी गॉर्डन ब्राऊन यांच्या सरकारने ऑर्डनन्स सर्व्हेचा काही साठा खुला केला. त्यात 'कोड-पॉइंट ओपन' हे कोष्टक होते. प्रत्येक पोस्टकोडासाठी त्यात एक बिंदू दिलेला असतो. ओपनस्ट्रीटमॅपचे शोधयंत्र आज ब्रिटनचे पोस्टकोड सांगते ते मुख्यतः याच्या बळावर, आणि हे कोष्टक स्वतंत्रपणे जोडून घेणारे ॲपही ते सांगू शकते. तथापि हे औदार्य अर्धेच आहे. बिंदू मिळतो, घरांची यादी मिळत नाही. शहरात तेवढ्याने भागते. पण वेल्समधील एखाद्या दरीत एकच पोस्टकोड दूरदूरच्या शेतघरांना मिळून असतो, आणि तेथे रात्री रुग्णाला आणायला निघालेल्याला एक बिंदू पुरत नाही. शिवाय हे कोष्टक उत्तर आयर्लंडला लागूच नाही. बेलफास्टचा पोस्टकोड त्यात शोधून सापडणार नाही.

यानंतर २०१३ आले. हुजूर व उदारमतवादी लोकशाही पक्षांच्या संयुक्त सरकारने रॉयल मेलचे भाग ३३० पेन्सला विकले. पहिल्याच दिवशी बाजार बंद होताना त्यांचा भाव ४५५ पेन्स होता. पत्त्यांची यादी वेगळी काढून राष्ट्राकडे ठेवा, असे अनेकांनी सांगितले होते. ते ऐकले गेले नाही. ती वाजवी अटींवर सर्वांना उपलब्ध करावी असे कायद्याचे बंधन आहे खरे. पण वाजवी म्हणजे फुकट नव्हे, आणि ज्याच्याजवळ देण्यास काहीच नाही त्या स्वयंसेवकाला वाजवी दरही बंद दारासारखाच. २०१४ च्या मार्चमध्ये पार्लमेंटच्या सार्वजनिक प्रशासन समितीने ही विक्री चूक होती असा स्पष्ट निर्वाळा दिला. त्या समितीचे अध्यक्ष हुजूर पक्षाचेच होते. २०१६ च्या अंदाजपत्रकात खुल्या पत्तासूचीचे पर्याय शोधण्यासाठी ५० लाख पौंडांपर्यंत तरतूद जाहीर झाली. सूची काही जन्मली नाही. नगरपालिका पत्ते निर्माण करतात आणि त्याच पत्त्यांची यादी वापरण्यासाठी सरकार खासगी कंपनीकडून परवाना घेते, असा हा उफराटा न्याय चालूच आहे.

शेजारच्या आयर्लंडने यावरून धडा घेतला असेल असे वाटावे, तर तेथे २०१५ मध्ये 'एअरकोड' आला. प्रत्येक घराला सात अक्षरांचा स्वतंत्र संकेत मिळाला. पण ते संकेत ओळीने दिलेले नाहीत. शेजारच्या घराचा संकेत ठाऊक असला तरी तुमचा कळणार नाही. कोष्टक विकत घेतल्याखेरीज गत्यंतर नाही.

एक आक्षेप आमच्याच गोटातून येतो, तो मोलाचा आहे. स्वयंसेवकांनी फुकट काढलेल्या नकाशाचा फायदा शेवटी भांडवलदारच उठवतात, असे काही मित्र म्हणतात. २०२२ च्या डिसेंबरात ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट व टॉमटॉम यांनी 'ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशन' स्थापन केले आणि त्यात ओपनस्ट्रीटमॅपचाही साठा वापरला जातो, हे खरे आहे. ॲमेझॉनची पगारी माणसे आपल्या गाड्यांच्या सोयीसाठी याच नकाशात भर घालतात, हेही खरे. तरीही मला हा आक्षेप निर्णायक वाटत नाही. गावच्या विहिरीवर सावकारही पाणी भरतो, म्हणून विहीर बुजवावी असे कोणी म्हणत नाही. तिला कुंपण घालू द्यायचे नाही, एवढे पाहावे लागते. नकाशाची परवान्यातील अट ते कुंपण अडविते. पोस्टकोडच्या यादीवर अशी कोणतीही अट नाही. म्हणून स्वयंसेवकांची चिकाटी कितीही वाखाणली, तरी राज्यसंस्थेने जे करायचे ते त्यांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

हा प्रश्न आता आपल्या दाराशीही येत आहे. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे मराठी पंडित व टपालखात्याशी संबंधित अधिकारी होते, हे अनेकांना ठाऊक असेल. पिनकोडची सूची सरकारच्या खुल्या माहितीसाठ्यात आहे. मे २०२५ मध्ये टपालखात्याने आयआयटी हैदराबाद व इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साह्याने 'डिजिपिन' आणला. देशाची जमीन सुमारे ४ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागून प्रत्येकाला दहा अक्षरांचा संकेत दिला आहे. यात कोष्टक नसून सूत्र आहे आणि ते सूत्र जाहीर केलेले आहे. कोणतेही ॲप कोणाची परवानगी न घेता ते वापरू शकते. सरकारच्या या निर्णयाचे स्वागत करण्यात विरोधी पक्षाने संकोच करू नये.

परंतु डिजिपिन जागा सांगतो. त्या जागी कोणते घर, कोणाचा पत्ता, हे सांगत नाही. घरांची ती यादी 'ध्रुव' या नावाने मांडलेल्या आराखड्यातून उभी राहावयाची आहे, आणि पत्ता ही एक सेवा म्हणून पुरविण्याच्या त्या कल्पनेत खासगी संस्थांनाही स्थान आहे. २०२३ च्या टपाल कार्यालय कायद्याने पत्त्यांची मानके ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेलाच आहे. तेव्हा संसदेतील आपल्या सभासदांनी आताच दोन गोष्टी लेखी मागितल्या पाहिजेत. माणसांची नावे वगळून घरे, रस्ते व त्यांचे संकेत यांची यादी सर्वांना विनामूल्य व पुन्हा वापरण्याच्या मुभेसह मिळावी, ही पहिली. पुढे टपालखात्याचे महामंडळ होवो, कंपनी होवो, तिचे भाग विक्रीला निघोत, ही यादी त्या मालमत्तेत धरली जाणार नाही असे कलम मूळ कायद्यातच असावे, ही दुसरी.