रग्बीत ओडिशाची मुलगी जिंकते; आपल्या मुली कुठे?

जून २०१९. मनिलात भारतीय महिला रग्बी संघाने सिंगापूरला २१-१९ असे हरवले. पंधरा खेळाडूंच्या रग्बीतला भारतीय महिलांचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. निर्णायक पेनल्टी मारली ओडिशाच्या आदिवासी सुमित्रा नायक यांनी. भुवनेश्वरच्या निवासी आदिवासी शाळेत त्या शिकल्या आणि रग्बीही तिथेच शिकल्या. महाराष्ट्राचे ठळक नाव पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांचे. त्यांनी भारताचे कर्णधारपद भूषवले.

मग सातारा-सांगली? साताऱ्याने ललिता बाबर दिली, सांगलीने स्मृती मानधना. कमतरता गुणवत्तेची नाही, संधीची आहे. माण, जतच्या कबड्डीपटू मुलींची पकड आणि चपळाई रग्बीतही कामी येईल. म्हणून समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहांसाठी मैदान, प्रशिक्षक आणि पोटभर आहार हेही शिष्यवृत्तीइतक्याच जोराने मागायला हवे.