एका मुलीसाठी थांबलेली गाडी आणि दौंड–मनमाडचे फलाट

१/ जपानमध्ये एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने अख्खे स्थानक चालू ठेवले, ही कथा मराठी समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरते. तिच्याखाली ठरलेली ओळ असते : ‘नाहीतर आपल्याकडे!’ कथा अर्धसत्य आहे आणि ती ओळ त्याहून घातक आहे.

२/ प्रथम तथ्य. जानेवारी २०१६ मध्ये जगभर गाजलेल्या मजकुरात होक्काइदो बेटावरील कामी-शिराताकी स्थानकाचे नाव होते. ती विद्यार्थिनी प्रत्यक्षात त्याच मार्गावरील क्यू-शिराताकी येथून जात असे, आणि तिच्या गाडीत इतरही विद्यार्थी असत. ही दोन्ही कर्मचारीविरहित स्थानके २६ मार्च २०१६ रोजी, वार्षिक वेळापत्रक-बदलाच्या दिवशी बंद झाली. कारण एकच : प्रवासी उरले नव्हते.

३/ त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जेआर होक्काइदो कंपनीने जाहीर केले की सुमारे १,२३७ किमी मार्ग, म्हणजे जवळजवळ निम्मे जाळे, केवळ स्वबळावर चालवणे आता शक्य नाही. ज्याला करुणेचे स्मारक म्हणून हार घातले जातात, ते वास्तविक माघारीचे चित्र आहे.

४/ आता अहिल्यानगर जिल्हा. दौंड–मनमाड हा १४६ मैलांचा लोहमार्ग १८७८ साली खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुलाच्या दोन शाखा जोडणे हा त्याचा हेतू. मातीकामाचा मोठा भाग १८७६–७८ च्या दुष्काळातील मजुरांनी उचलला.

५/ जानेवारी १८७७ मध्ये सरकारने दुष्काळी कामांवरील मजुरी घटवली, तेव्हा दख्खनमध्ये हजारो मजुरांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. म्हणून ‘इंग्रजांनी रेल्वे दिली’ हे वाक्य या मार्गापुरते तरी उच्चारू नये. हा भराव उपाशी माणसांनी घातला आहे.

६/ काष्टी, बेलवंडी, विसापूर, सारोळा, अकोळनेर, विळद, वांबोरी, पढेगाव, चितळी. द्रुतगती गाडीच्या खिडकीतून ही नावे वाचूनही होत नाहीत. पण याच मार्गावरील ‘बेलापूर’ स्थानक पाहा. मूळ बेलापूर प्रवरेकाठी राहिले. स्थानकाभोवती बाजारपेठ वाढली, कालव्याचे पाणी आले, ऊस आला आणि श्रीरामपूर शहर उभे राहिले. स्थानक आधी, प्रवासी नंतर!

७/ युक्तिवाद होतो : प्रत्येक थांब्याने लांब पल्ल्याची गाडी रखडते. हे खरेच आहे. परंतु त्यावरचा उपाय पॅसेंजर गाडी हा आहे, रिकामा फलाट नव्हे. मार्च २०२० मध्ये देशभर पॅसेंजर थांबल्या. परतल्या त्या अनेक ठिकाणी एक्स्प्रेसच्या दराने. किमान भाडे १० रुपयांवरून ३० झाले. ते पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. भाडे तिप्पट करायचे आणि मग ‘प्रवासीच नाहीत’ म्हणायचे, हा हिशेब नव्हे, बनाव आहे.

८/ जपानी कथेचा खरा दोष येथे दिसतो. ती हक्काला उपकार बनवते. एका मुलीवर दया म्हणून गाडी थांबली, हे ऐकून डोळे पाणावतात. पण रोज शाळेला, बाजाराला, दवाखान्याला जाणाऱ्या शंभर जणांसाठी गाडी थांबावी, ही मागणी कोणाला हृद्य वाटत नाही. तिचे छायाचित्र फिरत नाही.

९/ इतिहासाच्या अभ्यासकांनी होक्काइदोचे बर्फ पुढे पाठवण्यापूर्वी एकदा विसापूरला उतरून पाहावे. अर्थात, तिथे थांबणारी गाडी मिळाली तर.