बाजारात मिळतं की!

‘बाजारात मिळतं की!’ हे मराठी मध्यमवर्गाचं नवं ब्रीदवाक्य आहे. चकलीची भाजणी? बाजारात मिळते की. कुरडया, उटणं, लिंबाचं लोणचं, श्राद्धाचे वडे? सगळं मिळतं की! हे वाक्य बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर, अर्थशास्त्रातला शेवटचा सिद्धांत सांगून मोकळे झाल्याचं समाधान असतं. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण गेली वीस वर्षं ते वाक्य मीच बोलत आलो आहे. मी बी. कॉम. आहे, वर बँकेत कारकून. म्हणजे कारलं आणि तेही कडुलिंबावर चढलेलं. पण आज मी त्या पक्षाचा राजीनामा देऊन विरोधी बाकावर बसतो आहे, आणि त्याला कारण बिअर. (सौभाग्यवती, पूर्ण वाचा. मग बोला.)

माझा धाकटा भाऊ विजू इंग्लंडात डर्बीला असतो. २०२५ च्या मे महिन्यात तीन आठवड्यांची रजा काढून मी त्याच्याकडे गेलो. पहिल्याच शनिवारी त्याने गॅरेजमधून मोदकपात्राचं खापरपणजोबा शोभेल असं पातेलं बाहेर काढलं आणि म्हणाला, ‘‘दादा, नऊ वर्षांनी परत घरी बिअर करून बघतो. पेल एल.’’

तिकडे हे कायद्यात बसतं. इंग्लंडातही १९६३ पर्यंत घरच्या बिअरला परवाना लागायचा, मग तो उठला. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून ठणठणीत आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी डोंबिवलीत गॅसवर पातेलं चढवू नये. चढवल्यास जामिनाला मला बोलावू नये.

नेमका आईचा व्हिडिओ कॉल आला. ‘‘धाकटा दारू गाळतोय?’’ तिने मला विचारलं. ‘‘गाळत नाही गं, आंबवतोय. इडलीचं पीठ आंबवतेस ना, तसं,’’ मी म्हणालो. गाळायला तिकडेही बंदीच आहे, हे सांगून पाहिलं. ‘‘इडली खाऊन कोणी झिंगत नाही,’’ असं म्हणून तिने फोन ठेवला. या युक्तिवादाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही.

कृती ऐकाल तर ती आपल्या नाचणीच्या सत्वाची चुलतबहीण आहे. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. मग सहासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे पिठुळपणाची आपोआप साखर होते. ते गोड पाणी गाळून घेऊन तासभर उकळायचं आणि त्यात हॉप्स घालायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. ती वेल गांजाच्या कुळातली आहे, हे आईला कळता कामा नये. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणा देतात, शेवटी घातलेले वास देतात. विजूने फ्रीजरमधून २०१६ सालचं पाकीट काढून फोडलं, तर चार दिवस बुटात राहिलेल्या मोज्यांचा वास घरभर पसरला. हॉप्स जुने झाले की असे होतात म्हणे. नवे आणले, त्यांना पपनसाच्या सालीचा वास होता. पाण्यात त्याने चमचाभर जिप्समही टाकलं. डर्बीहून दहा-बारा मैलांवर बर्टन नावाचं गाव आहे. तिथल्या विहिरींच्या पाण्यात ते मुळातच असतं, आणि त्या पाण्यावरची पेल एल एकोणिसाव्या शतकात पिंपं भरभरून हिंदुस्थानात येत होती. जिप्सम म्हणजे ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस होतं ते. आपण त्याचे गणपती करतो, ते लोक बिअर करतात.

मी अर्थातच कागद-पेन घेऊन बसलो होतो. पाच किलो माल्ट, हॉप्स, यीस्ट मिळून पस्तीस पौंड. वीस लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या. बाटलीला ८८ पेन्स. दुकानात दोन पौंड. फायदा! पण थांबा, मजुरी? आठ तास, तिथल्या २०२५ च्या किमान वेतनाने तासाला १२.२१ पौंड. आता बाटली पडली ३ पौंड ३२ पेन्सला, आणि पातेल्याचा घसारा अजून धरलेलाच नाही. म्हणजे बाजारात मिळतं की!

हाच हिशेब मी २०१६ मध्ये विजूला फोनवर ऐकवला होता. शेजारचा म्हातारा वारला, म्हणून आता बिअर करणं बंद केलं, असं तो सांगत होता. रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेला तो गृहस्थ. त्यानेच विजूला हे सगळं शिकवलं. दर महिन्याला एक शनिवार दोघे त्या पातेल्यापाशी खुर्च्या टाकून बसत. आणि मी म्हणालो होतो, ‘‘बरं झालं. तोट्यातलं खातं बंद केलेलंच बरं.’’ तो ‘हं’ म्हणाला होता. त्या ‘हं’ची नोंद मी कुठल्या रकान्यात करायला हवी होती?

बाजारवाले म्हणतील, दुकानातली बिअर चवीला जास्त चांगली असते. असते, बाबांनो! दर वेळी तंतोतंत तशीच असते. पण दुकानातल्या बाटलीपाशी सहा तास बसायला कोणी बोलावत नाही. उकळीचा वास कुंपणापलीकडे गेला आणि शेजारच्या आजीबाई बाहेर आल्या. काही न बोलता आत गेल्या आणि क्रेट घेऊन आल्या. नवऱ्याच्या रिकाम्या बाटल्या, धुऊन पुसून ठेवलेल्या. नऊ वर्षांत त्यांनी त्या टाकल्या नव्हत्या. माझ्या कॉस्ट शीटमध्ये बाटल्यांची किंमत शून्य धरली होती. भंगार म्हणून.

त्या विजूशी बोलत असताना हॉप्स घालायचं काम माझ्याकडे आलं. दोन पुड्या होत्या. लहान आधी, मोठी शेवटी. मी मोठी आधी घातली. काउंटरवर मोठी रक्कम आधी मोजायची सवय, दुसरं काय!

दोन आठवडे पिंपात, मग बाटल्यांत आणखी दोन. माझी रजा तीनच आठवड्यांची. त्यामुळे चव न घेताच परतलो. जुलैत विजूचा फोन आला.

‘‘दादा, कारल्यासारखी झालीय.’’

‘‘ओतून दिलीस?’’

‘‘छे! तीनच उरल्यात. आजीबाई रिकाम्या बाटल्या धुऊन परत पाठवतात.’’