आम्हांला बगदाद नको, भिगवण हवे

दिवाळी अंकांचे दिवस जवळ आले की बारामती-इंदापूर पट्ट्यात लिहिणाऱ्या आम्हां मुस्लिम लेखकांची काही संपादकांना हटकून आठवण होते. मागणी ठरलेली असते. एक तर तलाकची कथा द्या, नाहीतर 'अरेबियन नाइट्स'च्या धर्तीवरची एखादी रहस्यमय प्रेमकथा द्या. पहिल्या मागणीवर आमच्यातल्या अनेकांनी आजवर पुष्कळ लिहिले आहे. दुसरीविषयी कोणी बोलत नाही, कारण ती वरवर कौतुकाची वाटते. आम्हांला ती तशी वाटत नाही.

या प्रेमकथेत काय काय हवे असते? पडकी हवेली, अत्तराचा वास, बुरख्याआडून रोखलेले सुरमा घातलेले डोळे आणि ऊद-लोबानच्या धुरातून प्रकटणारा एखादा जिन. आमच्यातलेच काही होतकरू तरुण हा माल निमूटपणे पुरवतात. ज्याने भिगवणचा मासळी बाजार आणि इंदापूरचा एसटी स्टँड पाहिला, तो बगदादच्या बागेतली कारंजी रंगवू लागतो. घरात दखनी, बाहेर मराठी बोलणारा हा पोरगा कथेत मात्र लखनवी नवाबासारखा बोलतो. हे सोंग कोणासाठी?

मुळात हे 'मुस्लिम वातावरण' आले कोठून, ते एकदा तपासून घेऊ. १७०४ ते १७१७ या काळात आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताने अरबी कथांचे बारा खंड फ्रेंचमध्ये आणले, तेही पॅरिसच्या अभिरुचीला मानवतील असे करून. अल्लाउद्दीन आणि अलीबाबा या सर्वांत गाजलेल्या गोष्टी त्याच्याजवळच्या अरबी हस्तलिखितात नव्हत्याच. १७०९ साली अलेप्पो शहरातून पॅरिसला गेलेल्या हन्ना दियाब या ख्रिस्ती तरुणाने त्या त्याला सांगितल्या. अल्लाउद्दीनची गोष्ट तर चीनमध्ये घडते! पुढे या कथा इंग्रजीत गेल्या आणि इंग्रजीवरून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून त्या मराठीत आणल्या. शास्त्रीबुवांचे मराठी गद्यावर मोठे उपकार आहेत. आम्हीही त्याच सुरस आणि चमत्कारिक गोष्टींवर वाढलो. पण पॅरिसच्या दिवाणखान्यासाठी विणलेला पडदा आमच्या दारावर टांगून 'हेच तुमचे घर' असे कोणी सांगू लागले, तर ते आम्ही का मान्य करावे?

त्या गोष्टींतून काही घ्यायचेच असेल तर त्यांचे कसब घ्यावे. अलीबाबाच्या गोष्टीतले 'तिळा तिळा दार उघड' सर्वांना पाठ आहे. पण अंगावर काटा येतो तो गुहेपाशी नाही. कासिमच्या देहाचे चोरांनी तुकडे केले आहेत. मृत्यू आजाराने झाला असे भासावे म्हणून मर्जिना ही दासी बाबा मुस्तफा नावाच्या म्हाताऱ्या मोच्याला डोळे बांधून घरी आणते आणि प्रेत शिवून घेते. पुढे चोर येऊन पुन्हा त्याचे डोळे बांधतो, आणि म्हातारा पावलांच्या आठवणीवर नेमका त्याच घरापाशी थांबतो. येथे जिन नाही, परी नाही. एक गरीब कारागीर, त्याच्या हातावर पडलेली नाणी आणि त्याची पावले. चोर दारावर खडूने खूण करतो, तेव्हा मर्जिना आळीतल्या इतर दारांवरही तशीच खूण करून ठेवते. उत्कंठा म्हणतात ती ही!

असा ऐवज आमच्या मुलखात कमी आहे काय? १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात इंदापूर तालुक्यातली गावे गेली. जुन्या पळसदेवचे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. अरबी गोष्टीतल्या कोळ्याच्या जाळ्यात तांब्याची कुपी सापडते. आमच्या मच्छीमाराचे जाळे बुडालेल्या उंबऱ्यांवरून फिरते, त्यात काय सापडेल याची कथा कोणी लिहिली? बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून निघालेली मुलगी, तिची चुकलेली गाडी, मागे लागलेली एक मोटारसायकल आणि फोन न उचलणारा तो, एवढ्यावर रहस्यकथा उभी राहत नाही काय?

आता आमच्याच वडीलधाऱ्यांशी दोन शब्द. समाजापुढे रोजीरोटीचा प्रश्न असताना इश्क-मोहब्बतीचे अफसाने हा पळपुटेपणा आहे, असे ते म्हणतात. त्यांनी विजापूरच्या नुसरतीची आठवण ठेवावी. १६५७ च्या सुमारास आदिलशाही दरबारच्या या कवीने 'गुलशन-ए-इश्क' ही मसनवी रचली, ती आमच्या दखनीत. नायक मनोहर, नायिका मधुमालती. झोपलेल्या राजपुत्राला पऱ्या उचलून राजकन्येच्या महालात नेतात, अशी ती अद्भुत प्रेमकथा आहे. मुसलमान कवीने हिंदू नावांच्या प्रेमिकांची कथा सांगण्यात त्या दरबाराला वावगे वाटले नाही.

आज काय स्थिती आहे? डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करण्यासाठी समिती नेमली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा विवाहांसंबंधी कायदा करता येईल का, हे तपासायला आणखी एक समिती नेमली. कोणाच्या दारावर खडूची खूण करायची याचीच ही तयारी नव्हे काय? ज्या काळात दोन नावे एका पत्रिकेवर छापायला छाती लागते, त्या काळात प्रेमकथा हा पळपुटेपणा कसा? उलट हवेली आणि जिन यांच्या आड लपणे, हाच खरा पळपुटेपणा आहे. जिनाला कोणी आधारकार्ड विचारत नाही. भिगवणच्या सलीमला विचारतात.

म्हणून नव्या लेखक-लेखिकांना आमचे सांगणे आहे. प्रेमकथा लिहा, रहस्यकथा लिहा, भरपूर लिहा. पण त्यात सलीमचे नाव सलीमच ठेवा, गाव भिगवणच ठेवा, आणि त्याची बोली अम्मीच्या तोंडची असू द्या. संपादकांनी बगदाद मागितले तर कथा परत मागवा. आणि आळीतले एक दार कोणी खुणेसाठी निवडलेच, तर आपल्या कथेत मर्जिनेच्या हाती खडू द्यायला विसरू नका.