तक्रारींची यादी कोण लिहितं?



मागच्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासवर्गात आम्ही अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर चर्चा ठेवली होती. एका तरुणाने सरळ विचारलं, "गोऱ्यांचं गोऱ्यांशी भांडण, त्याचं आपल्याला काय?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर तिथे नीट देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी भांडण काय होतं ते पाहू. १७६३ मध्ये ब्रिटनने फ्रान्सविरुद्धचं सात वर्षांचं युद्ध जिंकलं, पण तिजोरी कर्जात बुडाली. हा बोजा अमेरिकेतल्या वसाहतींनीही उचलावा असं लंडनने ठरवलं. १७६५ मध्ये मुद्रांक कायदा आला. वर्तमानपत्र, खरेदीखत, परवाना, अगदी खेळायचे पत्तेसुद्धा करातून सुटले नाहीत. वसाहतवाल्यांचा सवाल होता, पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, मग तिला आमच्यावर कर बसवण्याचा अधिकार कुणी दिला?

विरोध इतका तापला की पुढच्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. पण तो घेतानाच पार्लमेंटने दुसरा कायदा करून बजावलं की वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा अधिकार आमचाच. म्हणजे कर गेला, मूळ दुखणं राहिलं. १७७० मध्ये बोस्टनमध्ये सैनिकांच्या गोळीबारात पाच जण मेले. १७७३ मध्ये, इकडे बंगाल लुटूनही डबघाईला आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला वाचवण्यासाठी तिला चहाविक्रीची खास सवलत मिळाली, तेव्हा बोस्टनकरांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. शिक्षा म्हणून बंदर बंद झालं, मॅसॅच्युसेट्सचा स्वतःचा कारभार चालवण्याचा अधिकार छाटला गेला. एप्रिल १७७५ मध्ये बंदुका चालल्या आणि जुलै १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला.

या तक्रारी खोट्या नव्हत्या. प्रतिनिधित्वाशिवाय सत्ता चालवणं हा अन्यायच. बाबासाहेबांनी आयुष्यभर प्रतिनिधित्वासाठी झगडा केला, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण जाहीरनामा म्हणजे शेवटी एक निवेदनच. सुरुवातीला सगळी माणसं समान असल्याचं तत्त्व, मग राजाविरुद्धच्या २७ तक्रारी. त्या वेळी तेरा वसाहतींत सुमारे पंचवीस लाख लोक होते आणि त्यांतले पाच लाखांच्या आसपास गुलाम. म्हणजे पाचातला एक. त्या पाचव्या माणसाची तक्रार यादीत कुठे आहे?

मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल एक परिच्छेद होता. थॉमस जेफरसनने लिहिलेला. तोही निर्मळ नव्हता. सगळं पाप राजाच्या माथी मारणारा होता, आणि जेफरसनने स्वतः आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. तरी तो परिच्छेदसुद्धा टिकला नाही. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाचा विरोध होता, आणि तेराही वसाहती एकत्र राहायला हव्या होत्या. एकीसाठी परिच्छेद कापला गेला.

यादीतली शेवटची तक्रार मात्र जरूर वाचा. राजा आमच्या घरातच बंड पेटवतो, असं तीत म्हटलंय. १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नरने, बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील ते मुक्त, अशी घोषणा केली होती. त्यात दया नव्हती, डाव होता. पण गुलामांना मिळू शकणारं स्वातंत्र्य हीच मालकांची तक्रार ठरली! त्याच ओळीत अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना रानटी म्हटलं गेलं. बोस्टनच्या गोळीबारात मेलेला क्रिस्पस ॲटक्स आफ्रिकी आणि मूळ रहिवासी वंशाचा होता. लढ्यात रक्त चाललं, यादीत तक्रार चालली नाही.

"आधी देशाचं स्वातंत्र्य, मग बाकीचं" हे वाक्य आपल्यालाही खूप ऐकवलं गेलंय. अमेरिकेत ते "मग" उगवायला १८६५ साल उजाडलं. ८९ वर्षं आणि एक भीषण यादवी युद्ध. तोवर गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली होती.

गुलाम मात्र वाट पाहत बसले नव्हते. जानेवारी १७७७ मध्ये प्रिन्स हॉल आणि त्याच्या कृष्णवर्णीय साथीदारांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला स्वतःचा अर्ज दिला. ज्या नैसर्गिक हक्कांसाठी तुम्ही लढताय तेच आमचे, असा त्यांचा दावा. १७८१ मध्ये एलिझाबेथ फ्रीमन ही गुलाम स्त्री त्याच राज्याच्या नव्या संविधानाच्या आधारे न्यायालयात लढली आणि जिंकली. मालकांनी लिहिलेलं समतेचं वाक्य तिने मालकालाच लागू करून दाखवलं.

जोतीरावांना हे नेमकं कळलं होतं. थॉमस पेनचे विचार त्यांनी तरुणपणीच वाचले. पण १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण करताना त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना वंदन केलं. त्यांच्या लेखी स्वातंत्र्य मोजायचं ते तळातल्या माणसापासून. २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बाबासाहेबांनी दिलेला इशाराही त्याच वाटेवरचा: राजकारणात समता आणि समाजात विषमता राहिली, तर लोकशाहीच धोक्यात येईल.

आता आपलं घर. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका मोर्चाचं निवेदन तयार करत होतो. सफाईकाम करणाऱ्या बायांनी वेळेवर पगार आणि हातमोज्यांची मागणी पुढे केली होती. "मुद्दे फार झाले, एकी फुटेल" म्हणत आम्हीच ती काढली. मोर्चा दणक्यात झाला. पुढच्या बैठकीला त्या बाया आल्या नाहीत. तेव्हा आम्हाला आपली चूक कळली. त्या खोलीत पेन आमच्या हातात होतं आणि आम्ही जेफरसनच्या सभागृहासारखेच वागलो.

म्हणून त्या तरुणाला उत्तर हे: भांडण गोऱ्यांचं होतं, पण त्यात झालेली काटछाट आपल्याही बैठकीत होते. पुढचं निवेदन लिहाल तेव्हा आधी विचारा, या खोलीत कोण नाही? आणि एकीसाठी मुद्दा कापायची वेळ आलीच, तर ज्यांचा मुद्दा आहे त्यांना विचारल्याशिवाय कात्री उचलू नका.

जय भीम!