घर मुलांचे, पुंजी आईवडिलांची

नोकरीत सात-आठ वर्षे काढलेला, नियमित वेतन मिळविणारा आणि काटकसरीने राहणारा तरुण केवळ आपल्या बळावर पहिले घर घेऊ शकत नाही, हा ज्यांना त्याच्या पिढीचा दोष वाटतो, त्यांनी एकदा कागदावर हिशोब मांडून पाहावा. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतील ९० लाख रुपयांची सदनिका धरली, तर ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ८० टक्क्यांपलीकडे जाण्याची मुभा रिझर्व्ह बँक देत नसल्यामुळे फार तर ७२ लाखांचे कर्ज मिळते आणि उरलेले १८ लाख खरेदीदाराला स्वतः उभे करावे लागतात. त्यांत ७ टक्के दराने ६ लाख ३० हजारांचे मुद्रांक शुल्क आणि ३० हजारांची नोंदणी फी मिळवली, की आकडा २४ लाख ६० हजारांवर जातो, आणि इमारत अद्याप पुरी झालेली नसेल, तर ५ टक्के वस्तू व सेवा कराचे साडेचार लाख त्यावर चढतात. दरमहाचा हप्ता पगारातून कसाबसा भागतो. अडते ते हे डाउन पेमेंट, आणि ते अडले, की मुलांची दृष्टी साहजिकच आईवडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीकडे, उपदानाच्या रकमेकडे आणि मुदत ठेवींकडे वळते.

हे साहाय्य मी गैर मानीत नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत ज्यांचे बालपण गेले, गृहकर्जासाठी म्हणून एचडीएफसीसारखी संस्था १९७७ साली निघण्यापूर्वी पगारदार माणसाला दीर्घ मुदतीचे कर्ज मिळणे किती दुर्घट होते हे ज्यांनी पाहिले, आणि वडिलांच्या निवृत्तीची रक्कम हाती आल्यावरच ज्यांच्या कुटुंबाला स्वतःचे छप्पर लाभले, त्या पिढीला आपल्या मुलांचे उमेदीचे वय घरभाडे भरण्यात खर्ची पडू नये असे वाटावे, यात वात्सल्य आहे आणि व्यवहारही आहे. माझे सांगणे एवढेच, की या पैशाचे स्वरूप तो देण्यापूर्वी ठरावे, घरातील सर्वांच्या समक्ष ठरावे, आणि लिहून ठेवले जावे. ‘घरातल्या घरात कसला कागद?’ असे म्हणून आपण हा विषय टाळतो आणि त्या टाळण्याला जिव्हाळा समजतो. परंतु त्यामुळे होते असे, की वडील ज्या रकमेला उसने दिलेले पैसे समजतात, तिलाच मुलगा आशीर्वाद समजतो, आई म्हातारपणच्या आसऱ्याची तजवीज समजते, आणि लग्न होऊन गेलेली मुलगी आपल्या वाट्यातून परस्पर गेलेला हिस्सा समजते. चौघांपैकी खोटे कोणीच बोलत नसते, आणि म्हणूनच पुढे उद्भवणारा कलह मिटता मिटत नाही.

वास्तविक मार्ग तीनच आहेत आणि तिन्ही स्वच्छ आहेत. पहिला बक्षिसाचा: आईवडिलांनी अपत्यास दिलेली रक्कम, ती कितीही मोठी असली, तरी आयकराच्या दृष्टीने मुलाचे करपात्र उत्पन्न ठरत नाही, ती बँकेमार्फत द्यावी आणि परत घेण्याचा हेतू नसल्याचे साध्या पत्रात नमूद करावे. दुसरा कर्जाचा: ते बिनव्याजी असण्यास हरकत नाही, मात्र २०,००० रुपये वा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास कायद्याची मनाई आहे, परतफेड केव्हापासून, किती वर्षांत, आणि देणारा मध्येच निवर्तला तर बाकी रकमेचे काय, हे त्यात स्पष्ट असावे. तिसरा भागीदारीचा: खरेदीच्या नोंदणीकृत दस्तऐवजातच आईवडिलांचे नाव आणि त्यांचा हिस्सा लिहावा. या तिन्हींत न बसणारी, तरीही सर्रास घडणारी गोष्ट म्हणजे मुलाची कर्जपात्रता वाढावी म्हणून वडिलांनी सहकर्जदार या नात्याने केलेली सही. त्या सहीने संपूर्ण कर्जफेडीची जबाबदारी त्यांच्यावर येते, पण मालकी येत नाही. आणि मालकी नसल्यामुळे व्याजावरील करसवलतही मिळत नाही. ‘सहीपुरते नाव’ म्हणून जे पुढे केले जाते, ते हप्ते थकल्यावर वसुलीच्या नोटिशीत पूर्णपणे उतरते.

मुलींच्या बाबतीत तर मौन अधिकच अन्यायाचे आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, २००५ साली तो सर्व देशाला लागू झाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील उरलीसुरली संदिग्धता दूर केली. परंतु वडिलांनी स्वतः कमावलेली ठेव मोडून मुलाच्या सदनिकेत घातली, तर तो व्यवहार त्यांच्या मर्जीचा असतो, आणि हयातीत एका अपत्याला दिलेली ती रक्कम पुढे वाटणीच्या वेळी कायदा आपण होऊन त्याच्या वाट्यातून वजा करीत नाही. वजा करावयाची असेल, तर मृत्युपत्रात तसे लिहिले पाहिजे. ज्या घरात हे लिहिले जात नाही, त्याच घरात वडिलांच्या पश्चात बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि सही करण्यास ती किंचित थांबली, तरी तिला लोभी ठरविले जाते. सुनेचेही तसेच आहे: हप्त्याचा अर्धा भार तिच्या वेतनातून जात असेल, प्रसंगी तिचे दागिने मोडले असतील, तर सासरच्यांनी भरलेल्या डाउन पेमेंटचा उच्चार वारंवार करावा आणि तिच्या वाट्याची नोंद मात्र कोठेच नसावी, हे न्यायाला धरून नाही.

शेवटची मर्यादा आईवडिलांच्या स्वतःच्या छपराची. महाराष्ट्रात राहते घर मुलाच्या वा मुलीच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्यास मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार काय तो वेगळा. आणि खर्च अल्प असल्यामुळे निर्णयही अल्प वाटू लागतो. पण स्वीकारले गेलेले बक्षीसपत्र देणाऱ्याच्या एकट्याच्या इच्छेने माघारी घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्याच्या २३ व्या कलमात संरक्षण आहे, परंतु सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली होती, हे त्यासाठी दिसावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदारपणे लावला पाहिजे असे म्हणत मध्य प्रदेशातील एका मातेला तिची मालमत्ता परत देवविली. त्या दाव्यात बक्षीसपत्राच्याच दिवसाचे एक वचनपत्र न्यायालयापुढे होते, ज्यात मुलाने आईवडिलांचा सांभाळ करण्याचे लिहून दिल्याचे नमूद होते. मायाममता सिद्ध करण्यास न्यायालयापाशी साधन नसते. कागद असेल, तर तो वाचता येतो. म्हणून निवृत्तीनंतरचा निर्वाह आणि दुखण्याखुपण्याची तरतूद बाजूला काढून जे उरेल तेवढेच द्यावे, आणि राहते घर हयातीत आपल्याच नावे ठेवून पुढची व्यवस्था मृत्युपत्रावर सोपवावी, हे मला सर्वांत श्रेयस्कर वाटते.

हे सारे ठरविण्यासाठी वकिलाची गरज नंतर लागते. आधी लागते ती विषय काढण्याची हिंमत, आणि ती कोणी दाखवावी, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. देणारे आईवडील कागद मागणार नाहीत, कारण मागितला तर मुलावर अविश्वास दाखविल्यासारखे होईल, अशी भीती त्यांना जन्मभर असते. भावाला मिळणाऱ्या पैशाविषयी बहीण तोंड उघडणार नाही, आणि नव्याने आलेली सून तर नाहीच. मोकळेपणाने बोलू शकतो तो फक्त घेणारा, कारण त्याच्या बोलण्यावर स्वार्थाचा आरोप होऊ शकत नाही. ज्या मुलामुलींना आईवडिलांच्या आयुष्यभराच्या पुंजीतून पहिले घर मिळणार आहे, त्यांनी धनादेश हाती घेण्यापूर्वी भावंडांना बोलावून मसुदा स्वतः पुढे ठेवावा, ‘हे बक्षीस आहे, की परत करावयाचे आहे, की या घरात तुमचा वाटा आहे?’ असे आईवडिलांना विचारावे, आणि जे उत्तर मिळेल त्याखाली पहिली सही आपली करावी. एवढे कर्तव्य त्यांनी पार पाडले, तर त्या घराचे ऋण फक्त बँकेचे राहील.