मिश्री सुटली, पुढे काय?

निपाणीच्या तंबाखूवर या भागातल्या कित्येक घरांची चूल पेटली. तोच तंबाखू भाजून केलेली मिश्री मात्र बायकांच्या हिरड्यांवर बसली. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर 1992 मध्ये बंदी आली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कायदा कुठवर अडवणार?

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी पन्नाशीत मिश्री सोडली. थोड्याच दिवसांत हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. “मिश्रीच बरी होती गं,” म्हणाल्या. मला खरा धोका इथेच दिसतो. निकोटिनने हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत वाढतो, रक्त मात्र फारसं दिसत नाही. मिश्री सुटली की तो दबलेला आजार बाहेर येतो. म्हणजे हीच वेळ दाताच्या डॉक्टरांकडे जायची, पुन्हा डबी उघडायची नव्हे.

दुसरी भीती, दात साफ केले की हलतात. डॉक्टर काढतात ते दातावर घट्ट बसलेलं कीट. त्याखालची हिरडी आधीच सुटलेली असते, म्हणून फटी जाणवतात. कीट तसंच ठेवलं तर हाड झिजतं आणि दात खरोखर जातो.

बेळगावात केएलईचं दंत महाविद्यालय 1985 पासून आहे. वर्षानुवर्षं गेलो नाही म्हणून लाजू नका. मिश्री किती वर्षं लावली ते मोकळेपणी सांगा. तोंडातला पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आवर्जून दाखवा. आणि हो, पुढच्या तपासणीची तारीख घेऊनच उठा!